मदत हवी आहे : मातीत वाढलेल्या पोराला पायाच्या पकडीत वेळेवर हात थोपटून हार मानायला कसं शिकवायचं?

हौद्यातला

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातला, पलूसकडचा. वीस-बावीस वर्षं तालमीत काढली, आता पोरांना शिकवतो. माझा भाचा आमच्याच हौद्यात लहानाचा मोठा झाला. वय २०, वजन ७० किलोच्या आसपास. वर्षभरापासून त्याला एमएमएचं, म्हणजे ठोसे, लाथा, पकडी सगळं चालतं त्या मिश्र लढतीचं वेड लागलंय. आठवडाभर तालीम करतो आणि शनिवार-रविवार पुण्याला जाऊन ग्रॅपलिंग (पकडींचा खेळ), बॉक्सिंग करतो. सात आठवड्यांवर त्याची पहिली हौशी लढत आहे आणि कॉर्नरला, म्हणजे कडेला बसून त्याला सूचना द्यायला, मी असणार आहे. त्यामुळे हा प्रश्न त्याच्याइतकाच माझाही आहे.

झालं असं. गेल्या रविवारी पुण्यात स्पारिंग चालू होतं. यानं नेहमीसारखा समोरच्याचा एक पाय धरून एकेरी पट काढला. समोरचा पडायच्या ऐवजी स्वतःहून खाली बसला, याच्या मांडीभोवती दोन्ही पाय गुंफले आणि टाच कोपराच्या बेचक्यात धरली. हील हुक, म्हणजे टाच धरून पाय पिळायची पकड. आता तालमीतला पोरगा अशा वेळी काय करणार? पाठ लागू नये म्हणून पोटावर वळणार. हा वळला, तेही सगळ्या ताकदीनं. गुडघ्यात टक् आवाज झाला. समोरच्यानं त्याच क्षणी पाय सोडला, त्याची काही चूक नाही. घरी आल्यावर मी विचारलं तर म्हणतो, "मामा, दुखलंच नाही ओ. नुसता आवाज आला." रात्री गुडघा नारळाएवढा.

सोमवारी मिरजेत हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं, एमआरआय काढला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलंय, तुटलेलं नाही, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) शाबूत आहे. थोडक्यात वाचलाय. सहा आठवडे वळवण्याचा, पिळण्याचा कुठलाही व्यायाम बंद.

तेव्हापासून रात्री बसून मी जुन्या लढती बघतोय. पायाच्या पकडी ही कालची गोष्ट नाही हे मला आत्ता कळतंय. यूएफसी या एमएमएच्या मोठ्या स्पर्धेच्या १९९३ च्या पहिल्या खेपेतच केन शॅमरॉकनं पॅट्रिक स्मिथला हील हुकवर हरवलं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये रायन हॉलनं बी. जे. पेनच्या पायाखाली लोळण घेऊन पहिल्याच फेरीत टाच धरली. पेन म्हणजे साधा माणूस नाही, दोन वजनगटांत चॅम्पियन झालेला. आणि रौसिमार पाल्हारेसची लढत बघून तर माझी झोप उडाली. ऑक्टोबर २०१३ मध्ये माइक पिअर्सनं हार मानून हात आपटले तरी यानं टाच सोडली नाही, रेफरीला ओढून काढावा लागला. त्यावरून यूएफसीनं त्याला काढून टाकलं. असा कुणी माझ्या पोरासमोर आला तर?

सुटकेचे डाव शिकवणारे लोक पुण्यात आहेत, ते शिकवतील. माझी अडचण वेगळी आहे. आमच्या मातीत "मी हरलो" असं म्हणायची वेळच कुणावर येत नाही. पाठ लागली, पंचानं हात वर केला, संपलं. सांधा धोक्यात येतोय असं दिसलं तर पंच कुस्ती सोडवतो. मॅटवरच्या कुस्तीतसुद्धा हात नव्वद अंशाच्या पुढं पिळला तर फाऊल, बोटं पिरगाळली तर फाऊल. म्हणजे आजवर या पोराचा सांधा राखायचं काम दुसऱ्या कुणीतरी केलं. त्याला फक्त पाठ राखायची सवय आहे. आता पाठ लागली तरी चालते, आणि गुडघा त्याचा त्यानंच राखायचाय. हे मी सांगतो तेव्हा तो मान हलवतो, पण दुखल्याशिवाय हात थोपटायचा म्हणजे भित्रेपणा, असंच त्याच्या डोक्यात आहे. मीच त्याच्या डोक्यात घातलंय ते, दहा वर्षं.

मला हवंय ते एवढंच. वेळेवर हात थोपटायची सवय लावण्याचा काही सराव असतो का? दुखण्याची वाट बघायची नाही तर नेमकी कशाची खूण धरायची? सात आठवड्यांनी लढू द्यावं का? आणि कॉर्नरला बसून मी काय बघायचं?

अजिंक्यतारा

दादा, मी साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट आहे. कुस्तीतले, कबड्डीतले गुडघे रोज बघते. सगळ्यात आधी लढतीबद्दल बोलते. पुढे ढकला. सहा आठवडे विश्रांती आणि सातव्या आठवड्यात पिंजऱ्यात, हे गणित मला मुळीच मान्य नाही. विश्रांती संपते तिथून ताकद परत आणायचं काम सुरू होतं. एका पायावर उभं राहून तोल सांभाळता येणं, एका पायावर उडी मारून वळता येणं, दुखऱ्या पायाची मांडी दुसऱ्या पायाइतकी भरणं, हे झाल्याशिवाय पट काढायलासुद्धा परवानगी देऊ नका. शेवटचा निर्णय मिरजेच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

"दुखलंच नाही" हे तो खरं सांगतोय, त्याच्यावर रागावू नका. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो-मिटतो, पिळायला त्याला जागा फार थोडी असते. हील हुकमध्ये मांडी वर जखडलेली असते आणि खाली पाऊल तरफेसारखं फिरतं. धरलेली असते टाच, पण पीळ जाऊन बसतो गुडघ्यात. पोराला वाटतं घोट्यावर ओढ येतेय. बऱ्याचदा दुखायला लागतं तोवर लिगामेंटचं नुकसान होऊन गेलेलं असतं. नीबारमध्ये गुडघा उलट्या दिशेला ताणला जातो, तिथं ताण आधी जाणवतो. सरळ अँकल लॉकमध्ये घोट्यामागची शीर दाबली जाते, ती चांगलीच ओरडते. हील हुक गप्प असतो. म्हणून दुखणं ही खूण त्याच्यापुरती बाद धरा.

मॅटवरचा

मी पुण्यात सात वर्षं जिउ-जित्सू (सांध्याच्या पकडींची कुस्ती) करतोय, मूळचा इस्लामपूरचा. आधी एक सांगतो, हौशी एमएमएमध्ये बऱ्याच ठिकाणी हील हुकवर बंदी असते. आयोजकांकडून नियमपत्रक लेखी मागवून घ्या. तोंडी "चालतंय" वर जाऊ नका. जिउ-जित्सूची आंतरराष्ट्रीय संघटना आयबीजेजेएफ, तिनंसुद्धा हील हुकला २०२१ मध्ये परवानगी दिली, तीही गी (जाड कापडी पोशाख) नसलेल्या प्रकारात आणि फक्त प्रौढ ब्राउन-ब्लॅक बेल्टना, म्हणजे वरच्या दर्जाच्या खेळाडूंना. नवख्याला सरळ अँकल लॉक एवढाच. ज्या खेळाचं सगळं आयुष्य सांध्यावर चालतं त्यांनी इतकी काळजी घेतली, यातच काय ते आलं.

आता खूण. दोन गोष्टी बघायच्या, गुडघा आणि टाच. समोरच्याच्या दोन मांड्यांच्या कात्रीत तुमचा गुडघा अडकलाय का? अडकला असेल तर पहिलं काम तो बाहेर काढायचं. हातानं त्याचा वरचा पाय ढकलायचा, ढुंगण मागं सरकवायचं, गुडघा त्याच्या मांड्यांच्या पलीकडं न्यायचा. गुडघा सुटला की हील हुकचा जीव गेला. गुडघा अडकलेला असताना टाच त्याच्या कोपराच्या बेचक्यात जाऊ द्यायची नाही, बोटं नडगीकडं ओढून टाच त्याच्या बरगडीला चिकटवून ठेवायची, आणि दोन्ही हातांनी त्याचं एक मनगट धरायचं. पाय हिसकून ओढायचा नाही. ओढला की टाच आपणच त्याच्या हातात देतो.

आणि हे पाठ करून घ्या : गुडघा अडकलेला, टाच बेचक्यात आणि त्याचे दोन्ही हात एकमेकांत गुंतलेले, या तिन्ही गोष्टी एकदम झाल्या की थोपटायचं. पीळ सुरू व्हायच्या आधी. दुखतंय का, हे विचारायचंच नाही.

लोळून सुटायची पद्धत असते, पण ती पिळाच्या दिशेनं. भाचा उलट दिशेला वळला असणार, म्हणून आवाज आला. कुठल्या पकडीत कुठली दिशा हे मॅटवर दाखवल्याशिवाय कळत नाही, इथं लिहून मी कुणाचा गुडघा घालवणार नाही.

सराव असा असतो. जोडीदारानं फक्त पकड पूर्ण करायची आणि थांबायचं, पिळायचं नाहीच. पकड पुरी झाली की खालच्यानं थोपटायचं, सोडायचं, पुन्हा सुरू. तीन मिनिटांत आठ-दहा वेळा थोपटणं होतं. हात आपोआप शिकतो.

भाच्याला ब्रॉक लेस्नर दाखवा. २००० सालचा अमेरिकन कॉलेज कुस्तीचा हेवीवेट विजेता. फेब्रुवारी २००८ मध्ये यूएफसीतली पहिली लढत फ्रँक मीरशी. मीर खाली पडलेला, लेस्नर वरून ठोसे घालतोय, आणि मीरनं त्याचा पाय धरून नीबार लावला. दीड मिनिटात खेळ खलास. लेस्नरनं हात थोपटले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो चॅम्पियन झाला आणि २००९ मध्ये त्याच मीरला त्यानं हरवलं.

जुना लंगोट

पोरा, मला ह्या हील हुकातलं काही कळत नाही. माझं वय ७१, कवठेपिरानच्या बाजूचा मी. पैलवान मारुती माने १९६२ ला जकार्त्याच्या आशियाई खेळांतून सुवर्णपदक घेऊन आले तेव्हा मी लहान होतो, त्या वाऱ्यावरच आम्ही लंगोट चढवला. पण तुझ्या लिहिण्यात मला एक चूक दिसली, म्हणून नातीकडून हे टाइप करून घेतोय.

मातीत सांधा फक्त पंच राखतो हे खरं नाही. धोबीपछाड शिकवताना आपण नव्या पोराला सगळ्या ताकदीनं आपटतो का? हौद्यात हळद, ताक, तेल घालून माती मऊ करायची ती कशाला? जोडीदार उद्या सकाळी पुन्हा जोर मारायला आला पाहिजे, हे तालमीतच शिकवलेलं असतं. जोडीदार राखायचा ही मातीचीच रीत आहे. स्वतःला जोडीदारासारखं राखायचं, एवढंच त्याला नव्यानं शिकायचंय. तू त्याला माती सोडायला सांगतोयस असं त्याला वाटत असेल तर तो कधीच ऐकणार नाही.

दुसरं असं, की त्यानं तुला कधी हात थोपटताना बघितलंय का? वस्तादानं केलं नाही ते चेला करत नसतो. मी तुझ्या जागी असतो तर आधी मी हौद्यात उताणा झोपलो असतो.

हौद्यातला

तुम्हा तिघांचे आभार. बाबा, तुमचं वाचून दोन दिवस मी काही लिहूच शकलो नाही.

काय झालं ते सांगतो. लढत रद्द केली, आयोजकांना फोन केला. नियमपत्रकही मागवलं. हील हुकला बंदी आहे, पण सरळ अँकल लॉक आणि नीबार चालतात. म्हणजे शिकायचं तर आहेच. अजिंक्यतारा ताई, डॉक्टरांनी तुमच्यासारखंच सांगितलं, किमान तीन महिने. भाचा दिवसभर बोलला नाही माझ्याशी.

काल सकाळी तालमीत जोर झाल्यावर पोरांना हौद्याभोवती बसवलं. भाच्याला म्हटलं, पुण्यात शिकलेली पकड माझ्यावर लाव, अगदी हळू, त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर भार न येता. मी उताणा. पंधरा-वीस पोरं बघतायत, त्यातल्या कुणी मला पाठ टेकलेलं बघितलं नव्हतं. त्यानं गुडघा अडकवला, टाच बेचक्यात घेतली, हाताला हात गुंतवला. मी त्याच्या पोटरीवर दोनदा थोपटलं. तो म्हणाला, "मामा, मी अजून काहीच केलं नाही." म्हटलं, "म्हणूनच थोपटलं." त्यानं पाय सोडला नाही लगेच, बघत राहिला माझ्याकडं. मग सोडला.

तसं दहा वेळा केलं. सहाव्या वेळेला मला खरंच लाज वाटली, खोटं बोलत नाही. दहाव्या वेळेला नाही वाटली. नंतर बाकीच्या पोरांनी दोघा-दोघांच्या जोड्या लावून नुसत्या सरळ अँकल लॉकवर तोच सराव केला, पीळ कुणीच द्यायचा नाही या अटीवर. भाचा काठावर बसून प्रत्येकाला सांगत होता, "आत्ता थोपट, आत्ता." एका बारक्याला उशीर झाला तर त्याच्यावर ओरडलासुद्धा.

मॅटवरचा, आता पुढचं विचारतो. तुम्ही सांगितलेल्या तीन खुणा हील हुकच्या आहेत. नीबारमध्ये टाच बेचक्यात येत नाही, पाय सरळ छातीशी धरला जातो. तिथं थोपटायची खूण कुठली धरायची? मांड्यांनी गुडघ्याच्या वर पकड घट्ट केली तेव्हाच, की पाय सरळ व्हायला लागला तेव्हा? आणि कॉर्नरला बसून मला पिंजऱ्याबाहेरून गुडघा दिसला नाही, पाठच दिसत असली, तर मी ओरडायचं कशावरून? पुण्याला येऊन तुमच्या मॅटवर एक दिवस बसायची तयारी आहे. येत्या रविवारी जमेल का ते कळवा, सकाळच्या एसटीनं येतो.