शिरोरेषेचा घोळ
कटिंग मशीनवर रेडियमची (म्हणजे चिकट विनाइलची) पाटी कापताना इंग्रजी अक्षरं मस्त कापली जातात पण मराठी पाटीचे तुकडे तुकडे होत असतील, तर ब्लेड बदलत बसू नका, घोळ फाइलमध्ये आहे. आपल्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, स्क्रीनवर कळत नाही, पण मशीन प्रत्येक आउटलाइन वेगळी कापतं, मग जोडावर चिरा पडतात आणि जादाचं रेडियम सोलताना वेलांटी हातात येते. टेक्स्टचे कर्व्ह करा (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार), सगळं वेल्ड मारा (म्हणजे एकमेकांवर चढलेले आकार जोडून एकच करा), मगच कटिंगला पाठवा. अनुस्वार मात्र सुटाच राहणार, अक्षरं उचलून पाटीवर चिकटवायच्या टेपवर तो उचलला गेला का बघा (मी दादरला एकदा 'कंदी पेढे'चं 'कदी पेढे' चिकटवून आलोय, तेही मालकासमोर!).

साध्या विनाइलला ४५ अंशांचं ब्लेड पुरतं, पण आधी छोटा चौकोन कापून बघाच, खालचा कागद चिरला तर प्रेशर जास्त झालं. आणि दुकानाची पाटी असेल तर महाराष्ट्रातल्या दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणून मराठी साइज आधी ठरवा. पावसाळ्यात ओल्या शटरवर लावायची घाई नको, कडा उठतात.