मदत हवी आहे: एलएलबी सीईटी, १२० पैकी ७८ वर अडकले आहे

नमस्कार मंडळी. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी देतेय. बीकॉम ५८ टक्के, ओबीसी, नॉन-क्रीमीलेअर दाखला हातात आहे. पुण्यातच शिकायचंय, आयएलएस लॉ कॉलेज पहिली पसंती. नोकरीमुळे अभ्यासाला रोज दोनच तास मिळतात, क्लास परवडणार नाही.

दहा सराव पेपर सोडवले, गुण ७४ ते ७८ च्या पुढे सरकत नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून एकही प्रश्न सोडत नाही. इंग्रजी आणि चालू घडामोडी बऱ्या आहेत, घात होतो तो कायद्याच्या प्रश्नांत. प्रश्नात तत्त्व दिलेलं असतं, तरी मी पाठ केलेला नियमच लावते. त्यात पुस्तक जुनं: खुनाला जुन्या दंड संहितेचं कलम ३०२ लिहिलंय, पण १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत ते १०३ झालं. दोन्ही डोक्यात घोळतात.

पर्सेंटाइल परीक्षेच्या सत्रानुसार ठरतो हे माहीत आहे, नेमका आकडा मागत नाही. पण गेल्या दोन वर्षांत ओबीसीतून पुण्यात प्रवेश मिळालेल्यांनी सांगाल का: सरावात तुम्हाला किती पडत होते, प्रत्यक्षात किती पडले, आणि कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कितव्या फेरीत कुठलं कॉलेज मिळालं?