लहान इटालियन रेस्तराँ आणि वाइन बारमध्ये जेवणाची आखणी कशी करावी? सल्ला हवा आहे

आडवाट

नमस्कार. ताई आणि दाजींच्या लग्नाच्या वाढदिवसानिमित्त आम्ही चौघे, म्हणजे ते दोघे, माझी पत्नी आणि मी, एका लहान इटालियन रेस्तराँमध्ये जेवायला जाणार आहोत. तिथे टेबले मोजकीच आहेत, खाद्यपदार्थांचा मेन्यू जेमतेम एका पानाचा आहे आणि वाइनची यादी मात्र पुस्तिकेएवढी आहे. ताई शाकाहारी असून अंडेही खात नाही, परंतु वाइन आवडीने घेते. दाजी मांसाहार करतात, पण मद्य कोणत्याही रूपात घेत नाहीत. पत्नीला आणि मला सगळे चालते, मात्र इटालियन वाइनची यादी हातात आली की आम्ही किमतीकडे पाहून मधली एखादी निवडतो, याच्या पलीकडे आमची मजल गेलेली नाही. किती पदार्थ मागवावेत, वाइन कशी निवडावी आणि ताई व दाजींना आपण केवळ सोबतीला आलो आहोत असे वाटू नये यासाठी काय करावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे. ठिकाण ठरलेले असल्यामुळे अन्य रेस्तराँची नावे नको आहेत.

सावकाश

पदार्थांची नावे पाहण्याआधी किती खायचे ते ठरवावे. इटालियन जेवणात सुरुवातीला आन्तिपास्तो, मग पास्ता किंवा रिसोत्तो (तांदळाचा मऊसर पदार्थ) असलेला प्रीमो, त्यानंतर मांस किंवा मासे असलेला सेकोन्दो, त्याच्या जोडीला भाजीची ताटली म्हणजे कोन्तोर्नो आणि शेवटी गोड, असा क्रम असतो. मेन्यूवर हा क्रम छापलेला पाहून अनेकांची अशी समजूत होते की प्रत्येकाने प्रत्येक टप्प्यातले काहीतरी मागवलेच पाहिजे. तसे अजिबात नाही; खुद्द इटलीतही एखादा आन्तिपास्तो आणि पास्ता एवढ्यावर जेवण आटोपणारे पुष्कळ असतात. तुम्हा चौघांसाठी आन्तिपास्तोच्या दोन ताटल्या मध्ये ठेवाव्यात, पास्ता प्रत्येकाने स्वतःचा घ्यावा आणि सेकोन्दो एकच मागवून तो मांसाहार करणाऱ्या तिघांनी वाटून घ्यावा. गोडाचा निर्णय तोवर लांबणीवर टाकावा, कारण पास्ता संपल्यावर भुकेचा अंदाज नेमका येतो.

लहान जागेत वेळेचे गणित महत्त्वाचे असते. एकाच संध्याकाळी एकेक टेबल अनेकदा दोन वेळा दिले जाते, त्यामुळे आरक्षण करतानाच टेबल किती वेळ आपले आहे हे विचारून घ्यावे. निवांत बसायचे असेल तर उशिराची वेळ मागावी, म्हणजे आपल्यानंतर येणाऱ्या पाहुण्यांसाठी उठण्याची घाई होत नाही. पदार्थ एकामागून एक हवे आहेत, सगळे एकदम नकोत, हेही स्पष्ट सांगावे. रिसोत्तो कच्च्या तांदळापासून शिजवायला अठरा-वीस मिनिटे लागतात आणि अनेक ठिकाणी तो किमान दोघांसाठीच करतात. मागवल्यावर तो पाच मिनिटांत समोर आला, तर आधी अर्धवट शिजवून ठेवला होता असे खुशाल समजावे.

मेन्यू एका पानाचा आहे हे लक्षण चांगले आहे. फळ्यावर लिहिलेले किंवा तोंडी सांगितलेले त्या दिवसाचे पदार्थ जरूर ऐकावेत, मात्र त्यांची किंमत विचारायला संकोच करू नये. अख्खा मासा आणि हाडासकट भाजलेले मोठे मांस यांची किंमत कित्येकदा दर शंभर ग्रॅमला दिलेली असते, आणि मेन्यूवरचा छोटा आकडा पाहून सुखावलेला माणूस बिल आल्यावर गप्प होतो.

द्राक्षवेल

वाइनबद्दल लिहितो. ताटलीत भाजी आहे की मांस, यापेक्षा सॉस कोणता आहे हे पाहावे. टोमॅटोच्या सॉसमध्ये आंबटपणा असतो, म्हणून वाइनमध्येही तो हवा, नाहीतर वाइन बेचव लागते. अशा वेळी सांजोवेझे किंवा बार्बेरा या द्राक्षांची लाल वाइन उत्तम. किआन्ती क्लासिको या लाल वाइनमध्ये नियमानुसार किमान ८० टक्के सांजोवेझे असते आणि बाटलीच्या गळ्यापाशी काळ्या कोंबड्याचे चिन्ह असते, त्यामुळे ती यादीत आणि टेबलावर सहज ओळखता येते. तुळशीवर्गीय बासिलच्या पेस्तो या वाटलेल्या सॉससाठी लिगुरिया किंवा सार्दिनियाची व्हेर्मेन्तीनो ही पांढरी वाइन घ्यावी. अंडे, चीज आणि डुकराच्या गालाचे खारवलेले मांस असलेल्या कार्बोनारासोबत लाल वाइनच हवी असा पुष्कळांचा आग्रह असतो. मला मात्र रोमच्या परिसरातली फ्रास्काती किंवा अशीच एखादी तरतरीत पांढरी वाइन त्या स्निग्धपणापुढे अधिक सरस वाटते. सर्वांत सोपा नियम प्रदेशाचा आहे : पदार्थ ज्या भागातला, वाइन शक्यतो त्याच भागातली.

यादीत बारोलो ही भारदस्त लाल वाइन दिसली की वाढदिवसाच्या निमित्ताने तीच मागवावी असा मोह होतो. ती संपूर्णपणे नेब्बिओलो द्राक्षांची असते, नियमानुसार किमान ३८ महिने मुरवलेली असते आणि त्यांपैकी १८ महिने लाकडी पिंपात. तिच्यातले टॅनिन, म्हणजे जीभ कोरडी करणारा तो तुरटपणा, मांसाच्या आणि जुन्या चीजच्या सोबतीने मवाळ होतो. लसूण आणि तेलातल्या साध्या पास्त्याबरोबर मात्र तीच वाइन कठोर लागते आणि पैसेही वाया जातात. तुमचा सेकोन्दो एकच असणार असेल, तर बारोलोची बाटली न घेता मिळत असल्यास ग्लास घ्यावा.

लेबलावरच्या डीओसी, डीओसीजी या अक्षरांमुळे गोंधळून जाऊ नये. डीओसी ही वाइनच्या मूळ प्रदेशाचे प्रमाण देणारी व्यवस्था इटलीत १९६३ साली आली आणि डीओसीजी हा तिच्या वरचा, अधिक कडक नियमांचा दर्जा. द्राक्षे कुठली, कोणत्या जातीची आणि वाइन किती काळ मुरवायची हे त्यातून ठरते. ती तुम्हाला आवडेल याची हमी त्यात नाही. नियमांबाहेरची द्राक्षे वापरल्यामुळे खालच्या दर्जाचे लेबल लावून विकल्या जाणाऱ्या काही वाइन फार सुरेख असतात.

७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. वाइन घेणारे तुम्ही तिघे आहात, तेव्हा सुरुवातीला प्रोसेक्को या फसफसणाऱ्या वाइनचा एकेक ग्लास आणि जेवणासोबत एक बाटली पुरेशी आहे.

निवांत

माझे मत थोडे वेगळे आहे. वाइन बार असलेल्या जागी पूर्ण जेवणाचा घाट घालूच नये. चीज, खारवलेल्या मांसाचे काप, ऑलिव्ह, ब्रुस्केत्ता म्हणजे वर काहीतरी घातलेला भाजका पाव, अशा छोट्या ताटल्या मागवाव्यात, प्रत्येकाने वेगवेगळ्या वाइनचा अर्धा-अर्धा ग्लास घ्यावा आणि गप्पा माराव्यात. एका बाटलीशी बांधून घेतल्यावर त्या लांबलचक यादीचा उपयोग काय?

तिखटमीठ

निवांत यांची सूचना इतर वेळी मीही मान्य केली असती, पण या चौघांसाठी ती गैरसोयीची आहे. खारवलेले मांस ताई खाणार नाहीत, आणि चीजचे काय ते पुढे लिहिते आहे. म्हणजे त्यांच्या वाट्याला ऑलिव्ह आणि पाव एवढेच उरेल.

इटालियन जेवणात शाकाहारी दिसणारे अनेक पदार्थ शाकाहारी नसतात. पार्मिजानो रेज्जानो हे चीज करताना दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेटच वापरावे असा नियम आहे, आणि पेकोरीनो रोमानो या मेंढीच्या दुधाच्या चीजसाठी कोकराचे. म्हणून काच्यो ए पेपे (चीज आणि मिरीचा पास्ता), पारंपरिक पेस्तो आणि वरून किसून घातलेले चीज या तिन्हींबद्दल ताईंनी आपली भूमिका आधी ठरवावी. काही शाकाहारी मंडळींना याचे वावडे नसते, काहींना असते. त्यांना न विचारता तुम्ही परस्पर ठरवू नये. मोझ्झारेल्लाच्या बाबतीत रेनेट प्राणिज की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे उत्पादकावर अवलंबून असते, तेव्हा ते विचारावेच लागते. मास्कार्पोने हे मऊ चीज आम्ल घालून करतात, त्यामुळे त्यात रेनेटचा प्रश्न येत नाही. परंतु ज्या तिरामिसूमध्ये ते असते त्यात अंडी असतात आणि पान्ना कोत्तामध्ये प्राणिज जिलेटिन, त्यामुळे गोडातली ही दोन सर्वांत प्रसिद्ध नावे ताईंसाठी बाद होतात. लिंबाचे सोर्बेत्तो, म्हणजे रसाचे बर्फाळ गोड, असेल तर ते मागवावे, मात्र त्यात अंड्याचा पांढरा भाग घातलेला नाही याची खात्री करावी.

पास्त्याच्या बाबतीत एक ढोबळ खूण उपयोगी पडते. स्पॅगेटी, पेन्ने, रिगातोनी हे सुके प्रकार सहसा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचेच असतात. ताल्यातेल्ले, लाझान्या, राव्हिओली या ताज्या पास्त्यात बहुधा अंडे असते, आणि बटाट्याच्या न्योक्कीतही पुष्कळदा घालतात. लहान रेस्तराँमध्ये ‘आमचा पास्ता आम्ही इथेच करतो’ असे अभिमानाने सांगितले जाते, तेव्हा ताईंनी नेमके तिथेच सावध व्हावे. त्यांच्यासाठी लसूण, तेल आणि मिरचीची स्पॅगेटी किंवा तिखट टोमॅटो सॉसची पेन्ने आर्राब्याता निर्धोक आहे, फक्त चीज न घालता आणावे असे सांगावे. आन्तिपास्तोमध्ये वांग्याची आंबटगोड कापोनाता, टोमॅटोचा ब्रुस्केत्ता किंवा हरभऱ्याच्या पिठाची फारिनाता मिळाली तर चौघांनीही तीच घ्यावी. टेबलाच्या मधोमध ताईंना खाता येणारी ताटली असणे हे त्यांच्यासाठी वेगळी ताटली मागवण्यापेक्षा कितीतरी बरे. सूप आणि रिसोत्तो कोणत्या पाण्यात शिजवले आहेत हे विचारावे, कारण ते पाणी पुष्कळदा मांसाचे असते. अँचोव्ही हे छोटे खारवलेले मासेही भाज्यांमध्ये विरघळवून घातलेले असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत.

हे सगळे प्रश्न ऐन गर्दीत वाढपी मंडळींना विचारण्याऐवजी आरक्षणाच्या वेळीच फोनवर सांगावेत. लहान स्वयंपाकघरात आयत्या वेळी बदल करणे कठीण असते, पण आदल्या दिवशी कळले तर मन लावून काहीतरी करून देतात असा माझा अनुभव आहे.

आडवाट

सर्वांचे आभार. तिखटमीठ यांनी लिहिलेले रेनेटचे प्रकरण मला ठाऊकच नव्हते, ताईला आज विचारतो. आणखी दोन शंका आहेत. बाटली उघडल्यावर थोडीशी वाइन ओतून आपल्याकडे पाहत उभे राहतात, तेव्हा नेमके काय करायचे असते? आणि दाजींसाठी पाणी व फळांचा रस यांच्याखेरीज काही असते का?

द्राक्षवेल

ती चव वाइन आवडली की नाही हे सांगण्यासाठी नसते, बाटली खराब तर नाही ना हे तपासण्यासाठी असते. ग्लास किंचित फिरवून वास घ्यावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा दमट तळघरासारखा वास आला, तर बुचातून आलेल्या दोषामुळे वाइन बिघडली आहे असे समजावे आणि शांतपणे तसे सांगावे. चांगल्या ठिकाणी वाद न घालता दुसरी बाटली आणतात. तसे काही नसेल तर मान हलवणे पुरेसे आहे. आपणच निवडलेली वाइन अपेक्षेपेक्षा तुरट निघाली, हे परत करण्याचे कारण होत नाही. ग्लासने वाइन घेताना मात्र बाटली कधी उघडली होती हे अवश्य विचारावे, कारण उघडून काही दिवस झालेली वाइन मलूल लागते.

निवडीसाठी मदत मागताना ‘चांगली कोणती?’ असे विचारू नये. मागवलेले पदार्थ सांगावेत, हलकी हवी की भारदस्त ते सांगावे आणि किमतीची मर्यादा सांगायची असेल तर यादीतल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवून ‘या सुमाराची’ एवढेच म्हणावे. पाहुण्यांसमोर रक्कम उच्चारावी लागत नाही. ताईंची आर्राब्याता तिखट असणार, आणि तिखटाबरोबर जास्त अल्कोहोलची वाइन अधिकच जाळते. त्यामुळे बाटली फार जड नसलेल्या बार्बेराची घेतलीत तर ती दाजी सोडून सगळ्यांच्या ताटलीला जुळेल.

तिखटमीठ

दाजींसाठी इटलीतच तयार होणारी, जेवणाआधी घ्यायची मद्यविरहित कडवट पेये आहेत. क्रोदिनो आणि सानबित्तेर ही त्यांतली परिचित नावे. बर्फ आणि संत्र्याची फोड घालून ती वाइनच्याच चांगल्या ग्लासात आणायला सांगावे, म्हणजे पहिल्या ‘चीअर्स’ला त्यांच्या हातात पाण्याचा पेला नसेल. किनोत्तो या कडसर फळाचे सोडायुक्त पेय जेवणासोबतही चालते.

मद्य कोणत्याही रूपात नको असेल तर स्वयंपाकातल्या वाइनचाही विचार करावा लागेल. मांसाच्या रागू सॉसमध्ये वाइन असते, रिसोत्तोचे तांदूळ परतल्यावर पांढरी वाइन ओततात आणि तिरामिसूमध्ये अनेकदा मार्साला ही कडक वाइन किंवा रम असते. शिजताना अल्कोहोल सगळेच्या सगळे उडून जाते हा समज बरोबर नाही. कार्बोनारा किंवा भाजलेले मांस दाजींना सोयीचे पडेल, पण मांसावरच्या सॉसबद्दल विचारूनच मागवावे.

निवांत

माझा आग्रह मागे घेतो. चौघांची ही जुळणी पाहता सावकाश यांची आखणीच योग्य आहे. फक्त एक सुचवतो. गोडाच्या वेळी ताईंच्या सोर्बेत्तोसोबत मोस्काटो दास्ती या वाइनचे छोटे ग्लास मागवावेत. तिच्यात अल्कोहोल साधारण ५ टक्के असते, ती गोड आणि किंचित फसफसणारी असते, आणि जेवणासोबतची बाटली संपल्यानंतरही जड होत नाही. कॉफी गोडाच्या नंतर मागवावी आणि ती एस्प्रेसो असावी. इटलीत जेवणानंतर दुधाची कॉफी सहसा घेत नाहीत, पण दाजींना दुधाचीच हवी असेल तर बेलाशक कापुचिनो मागवा, तेवढ्यावरून कोणी टेबलावरून उठवत नाही.