थंडीत सकाळी ट्रॅक्टर पकडत नाही, पंप खोलायचा का?

शेतकरी, दारव्हा (यवतमाळ)
नमस्कार मंडळी. आमचा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर आहे, इनलाइन डिझेल पंपाचा. थंडी पडली तेव्हापासून सकाळी सुरू व्हायला फार त्रास देतो. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरतं, पण पकडत नाही. आधी सायलेन्सरमधून काहीच निघत नाही, मग पांढरा धूर, आणि मग कुठे थडथड करत लागतो. एकदा लागला की दिवसभर जरा सेल्फ मारला तरी चालू. बॅटरी पावसाळ्यात नवीन घेतली. दसऱ्याला ऑइल आणि डिझेल फिल्टर बदलला. टाकी फुल असली की त्रास कमी वाटतो, पण तो माझा भासही असेल.

गॅरेजवाला म्हणतो, पंप आणि नोझल खोलून लॅबला न्यावे लागतील. इकडे कापूस घरी आणणं चालू आहे, गव्हाचं रान तयार करायचं आहे, ट्रॅक्टर आठवडाभर गॅरेजात ठेवणं परवडत नाही. बाबा म्हणतात, एअर क्लीनरच्या तोंडाशी बोळा पेटवून धरू. काय करावं?

शेतकरी, तेल्हारा (अकोला)
भाऊ, पयले बाबांले बोळा पेटवू देऊ नका. आमच्या इकडे एकाचा एअर क्लीनरचा पाइप असाच जयला. बाजूच्या कोठ्यात कापूस भरला असन त काय होईन सांगा! अन् सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर दाबू नका, मधात मिनिटभर थंडा होऊ द्या. नाईतर सेल्फची वाइंडिंग जाते.

डिझेल मिस्त्री, वर्धा जिल्हा
दारव्हावाले भाऊ, जे तुम्ही भास म्हणून सोडून दिलं, खरी खूण तीच आहे.

धूर नाही म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोचलंच नाही. पांढरा धूर म्हणजे पोचलं, पण पेटलं नाही. तुमच्याकडे आधी कोरडं, मग पांढरं. म्हणजे रात्रभरात फिल्टरमधलं डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा बसते. सकाळी फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, आधी ती हवा रेटावी लागते. टाकीतलं डिझेल फिल्टरच्या वर असेल तोवर ते मागे जात नाही, म्हणून फुल टाकीवर त्रास कमी. दिवसा दोन कामांच्या मध्ये उतरायला तेवढा वेळच मिळत नाही.

मग उन्हाळ्यात का कळलं नाही? डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबल्यामुळे तापलेल्या हवेवरच डिझेल पेटतं. उन्हाळ्यात डिझेल पोचलं की लगेच भडका. थंडीत सिलिंडरचं गार लोखंड ती उष्णता ओढून घेतं. डिझेल गोठतं असं कोणी सांगेल, ते मनावर घेऊ नका, त्याला फार कडक थंडी लागते. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ अंशांवर आला होता, पण तशी थंडी आपल्याकडे क्वचित.

पंप घासला असता तर उलट गरम इंजिनावर जास्त नडला असता, कारण गरम डिझेल पातळ होऊन पंपातल्या घासलेल्या प्लंजरच्या (दट्ट्याच्या) कडेने निसटतं. तुमचं दिवसभर ठणठणीत आहे. पंपाला पाना लावू देऊ नका.

सकाळी सेल्फच्या आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू (हवा काढायचा) सैल करा आणि हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या, मारा. फेस येईल. नितळ डिझेल यायला लागलं की स्क्रू आवळा, मग सेल्फ. लगेच पकडला तर हवेचाच रोग. मग फिल्टरच्या पाइपांचे बोल्ट काढून तांब्याचे वायसर बघा. फिल्टर बदलताना बहुतेक जण जुनेच वायसर परत टाकतात. दबून कडक झालेला वायसर डिझेलचा थेंब बाहेर टाकत नाही, पण हवा आत घेतो, म्हणून बाहेरून सगळं कोरडं आणि चांगलं दिसतं. बोटाने फिरवून पाहा, कडेला एक बारीक चरा दिसेल. नवीनच टाका. हाताशी नसले तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ पडतं, तेवढ्यापुरतं काम भागतं. फिल्टरच्या वाटीची रबरी रिंगही तपासा.

शेतकरी, दारव्हा (यवतमाळ)
मिस्त्रीभाऊ, फेस आला! नितळ डिझेल येईपर्यंत प्रायमर मारला आणि सेल्फ दाबताच ट्रॅक्टर लागला. चारही वायसर काढले, फीड पंपाकडून फिल्टरकडे येणाऱ्या पाइपाच्या एकावर तुम्ही सांगितला तसाच चरा होता. दारव्ह्यातून नवीन आणून टाकले. आज पाव टाकीवर पहिल्या सेल्फला लागला. फार बरं वाटलं. फक्त सुरू झाल्यावर थोडा वेळ पांढरा धूर दिसतो, तो चालेल का?

डिझेल मिस्त्री, वर्धा जिल्हा
इंजिन तापल्यावर थांबतो ना? मग चालेल, तो थंडीचा. तापल्यावरही राहिला तर टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप तपासा, आणि मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब. नोझल त्यानंतर.