घरी केलेले सोल्डरिंग ‘चांगले’ आहे, हे कोणत्या मापाने ठरवावे?

दिंडोरी_बाग

नमस्कार. मी नाशिक शहरात राहतो आणि आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. ठिबकची मोटर ठरावीक वेळी चालू-बंद करणारे आणि मातीतील ओल मोजणारे चार बोर्ड मी गेल्या वर्षी घरीच, झिरो पीसीबीवर (ओळीने भोके पाडलेल्या तयार पट्टीवर), साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने तयार केले. टेबलावर चारही उत्तम चालले. पावसाळा सरून ऑक्टोबर छाटणीची वेळ आली, तेव्हा मात्र त्यांपैकी दोन बंद पडले.

पहिल्यात रिलेचा, म्हणजे बोर्डावरच्या विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचा, आवाज येत होता, पण मोटर चालू करणारा मोठा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, ओढला जात नव्हता. भिंगाखाली पाहिले, तेव्हा रिलेच्या दोन पिनांभोवती केसासारखी बारीक गोल भेग दिसली. दुसऱ्या बोर्डावर सांध्यांच्या कडेने हिरवट थर जमला होता. बागेत फवारलेल्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद आत शिरले असावे असे मला प्रथम वाटले, परंतु बोर्ड बंद डब्यात होता आणि डब्याच्या आतल्या बाजूला फवाऱ्याचा मागमूसही नव्हता.

हे सर्व सांधे मी बसवतानाच मल्टिमीटरच्या बझरवर तपासले होते आणि ते दिसायला चकचकीत होते. कारखान्यांमध्ये आयपीसीची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेची, मानके वापरतात असे ऐकले आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाने ती पाळावीत का, आणि पाळायची तर त्यातले नेमके काय घरच्या टेबलावर तपासता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अंबड_तपासणी

नमस्कार. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षे तयार बोर्डांच्या तपासणीचे काम केले, त्या अनुभवावरून लिहितो.

आपण ज्यांच्याविषयी ऐकले आहे ती मुख्यतः दोन मानके आहेत. जे-एसटीडी-००१ हे सांधा कसा करावा, कोणते साहित्य व कोणती पद्धत वापरावी हे सांगते. आयपीसी-ए-६१० हे तयार झालेला सांधा स्वीकारावा की नाकारावा हे चित्रांसह दाखवते. हौशी माणसाला दुसऱ्याचा उपयोग अधिक होतो. त्यात उपकरणांचे तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गात वस्तू चालली म्हणजे पुरते; दुसऱ्यात ती दीर्घकाळ, शक्यतो खंड न पडता चालावी अशी अपेक्षा असते; तिसऱ्यात ती बंद पडणे परवडतच नाही, उदाहरणार्थ रुग्णाचा प्राण जिच्यावर अवलंबून आहे अशी वैद्यकीय उपकरणे. आपला बोर्ड कोणत्या वर्गाचा, हे मानक आपल्यासाठी ठरवून देत नाही. ते वापरणाऱ्याने व बनवणाऱ्याने ठरवायचे असते. घरातल्या टेबलावरचा दिवा पहिल्या वर्गात चालेल. छाटणीनंतर बागेला पाणी देणारा बोर्ड मात्र मी निःशंकपणे दुसऱ्या वर्गाचा मानेन.

आता सांध्याकडे पाहू. सोल्डर पिनेवर आणि भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीवर, म्हणजे पॅडवर, पसरून कडेला पातळ होत गेलेले दिसले पाहिजे. ते पृष्ठभागाला ज्या कोनात भेटते तो कोन साधारणपणे ९० अंशांहून मोठा नसावा. पाण्याचा थेंब तेलकट ताटावर बसतो तसा गोळा पिनेवर बसला असेल, तर सोल्डर कितीही जास्त असले तरी सांधा झालेला नाही. झिरो पीसीबीसारख्या, भोकाच्या आत तांबे नसलेल्या बोर्डावर पहिल्या दोन वर्गांसाठी पिनेभोवती किमान २७० अंश आणि तिसऱ्यासाठी ३३० अंश सोल्डर धरलेले असावे लागते, आणि पॅडचा किमान ७५ टक्के भाग झाकलेला असावा लागतो. इंटरनेटवर आपल्याला ‘भोक ७५ टक्के भरले पाहिजे’ असेही वाचायला मिळेल. ती अट आतून तांब्याचा मुलामा दिलेल्या भोकांची आहे, आपल्या बोर्डाला ती लागूच होत नाही.

तुमच्या भेगेचे मूळ मला याच फरकात दिसते. मुलामा असलेल्या भोकात सोल्डर पिनेला बोर्डाच्या पूर्ण जाडीभर धरून ठेवते. एकाच बाजूला तांबे असलेल्या आपल्यासारख्या बोर्डावर मात्र रिलेचे वजन, बाहेरून येणाऱ्या वायरीची ओढ, कॉन्टॅक्टरचा प्रत्येक धक्का आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक हे सगळे एका पातळ पॅडवरच्या सोल्डरच्या छोट्या शंकूवर येते. पिनेभोवती गोल भेग पडणे ही अशा थकव्याची नेहमीची खूण आहे. म्हणून मानकाप्रमाणे अगदी निर्दोष सांधासुद्धा तिथे काही काळाने तडकू शकतो. रिले आणि टर्मिनल बोर्डाला यांत्रिक आधाराने बांधले पाहिजेत आणि वायर डब्याच्या भिंतीलाच पकडली पाहिजे.

चकाकीवर विसंबू नये. ६३/३७ हे कथिल-शिशाचे मिश्रण १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते व एकदम गोठते, त्यामुळे ते चमकते. ६०/४० हे गोठताना थोडा वेळ लापशीसारखे राहते आणि त्या क्षणी पिन हलली तर आत भेग राहून जाते. कथिल, ३ टक्के चांदी व ०.५ टक्के तांबे असलेले शिसेविरहित सोल्डर २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळते आणि त्याचा चांगला सांधाही करडा, किंचित खरबरीत दिसू शकतो.

जुने_नाशिक

अंबडच्या काकांनी सांध्याविषयी लिहिलेच आहे. मी त्या हिरव्या थराविषयी लिहितो.

आमच्या घरात आजोबांपर्यंत तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करण्याचे काम होते, आणि मी हौसेने अॅम्प्लिफायर बनवतो. सोल्डर पसरणे म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळण्याआधी भट्टीवर कळले होते. भांडे पुरेसे तापल्याशिवाय आणि नवसागराने त्याचा पृष्ठभाग साफ झाल्याशिवाय कथिल कितीही घासले तरी ते मण्यांसारखे गोळा होऊन फिरते. भांडे तयार झाले की तेच कथिल कापसाच्या एका फेऱ्यात आरशासारखे पसरते. आजोबा त्याला ‘कल्हई धरली’ असे म्हणत. पिनेचेही तसेच आहे. आयर्नच्या टोकावर सोल्डर वितळवून ते पिनेवर नेऊन ठेवू नये. टोक पिन आणि पॅड या दोहोंना एकाच वेळी टेकवावे, दोन्ही तापू द्यावीत, आणि सोल्डरची तार त्यांना लावावी. दोन-तीन सेकंदांत ते काम होते. पाच-सहा सेकंद लागत असतील, तर टोक काळे पडले आहे किंवा आयर्न त्या जाड पिनेला पुरत नाही असे समजावे.

मात्र कल्हई आणि बोर्ड यांच्यात एक फरक आहे, आणि आपला हिरवा थर बहुधा त्यातूनच आला आहे. कल्हईनंतर भांडे पाण्याने धुतले जाते. बोर्ड आपण धूत नाही. आपण छोट्या डबीतली पेस्ट वापरली होती का? त्या डब्यांपैकी काही नळकामासाठी किंवा पत्र्याच्या कामासाठी असतात आणि त्यांत झिंक क्लोराइड किंवा नवसागरासारखे क्षार असतात. ते हवेतली ओल ओढून घेतात आणि पावसाळ्यात बंद डब्यातसुद्धा तांबे खात राहतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात फ्लक्स, म्हणजे पृष्ठभाग साफ करणारा पदार्थ, फक्त राळेचा किंवा सोल्डरच्या तारेच्या पोटात असलेलाच वापरावा. हे मी कळकळीने सांगतो आहे, कारण याच चुकीमुळे माझा एक चांगला ट्रान्सफॉर्मर गेला आहे.

राळेचा धूरही श्वासात घेऊ नये, त्याने दमा जडू शकतो. खिडकीजवळ पंखा लावून काम करावे आणि शिसे हाताळल्यावर जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

दिंडोरी_बाग

दोघांचेही मनापासून आभार. पेस्टची डबी काढून पाहिली. तिच्यावर तांब्याच्या नळ्यांसाठी असेच छापलेले आहे. बझरचे मात्र मला अजून कळले नाही. सांधा कच्चा होता, तर बझर वाजला कसा?

अंबड_तपासणी

बझर अगदी अल्प प्रवाहाने वाजतो. पिन पॅडला नुसती टेकलेली असली तरी तो वाजेल. रिलेच्या वाटेची परीक्षा घ्यायची असेल तर त्या वाटेतून १ अँपिअर प्रवाह सोडावा आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याची टोके सांध्याच्या दोन बाजूंना, एक पिनेवर व एक जवळच्या पॅडवर, लावावीत. १ अँपिअरला जितके मिलिव्होल्ट दिसतील तितके मिलिओहम रोध. एकाच जातीच्या दहा सांध्यांपैकी नऊ सारखे आले आणि एक कित्येक पटींनी जास्त आला, तर तो पुन्हा करावा. मोजताना लाकडी काडीने पिन हलकेच ढकलून पाहावी. आकडा हलला तर भेग आहे.

दुरुस्ती करताना तडकलेल्या सांध्यावर नवे सोल्डर चढवू नका. जुने पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) काढा, पिन घासून उघडी करा, राळ लावा आणि मगच नव्याने भरा. पेस्ट लागलेले बोर्ड कोमट पाण्याने व मऊ ब्रशने धुऊन, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावेत, मात्र रिले उघड्या प्रकारचा असेल तर तो आधी काढून घ्यावा. हिरवा थर जिथे पॅडच्या खालपर्यंत गेला आहे, तो बोर्ड वाचवण्यात वेळ घालवू नये. घटक काढून नव्या बोर्डावर बसवावेत. टर्मिनलच्या स्क्रूखाली जाणाऱ्या वायरींच्या टोकांना सोल्डर लावले असेल, तर ती टोके कापून तिथे क्रिंप केलेले, म्हणजे दाबून बसवलेले, धातूच्या नळीचे फेरूल बसवावेत, कारण स्क्रूच्या दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकते आणि काही महिन्यांत पकड ढिली होते.

दिंडोरी_बाग

चारही बोर्डांच्या वायरींना मी सोल्डर लावलेले आहे. या रविवारी बागेत जाऊन आधी चालू असलेल्या दोन बोर्डांची टोके कापून फेरूल बसवतो आणि त्यांच्या रिलेच्या पिनांचे मिलिव्होल्ट मोजून इथे आकडे लिहितो.