मदत हवी आहे: विजयदुर्गच्या चित्राखाली कोणाचं नाव टाकू?

खाडीकाठ: रविवारी वाचनालयात प्रदर्शन आहे, पाट्या उद्या छापायला द्यायच्यात. गलबतं, धूर, मागे किल्ला, खाली इंग्रजीत 'घेरिया', म्हणजे आपलं विजयदुर्गच. भारतभर फिरलेल्या डॅनियल या इंग्रज चित्रकार काका-पुतण्यांचं असावं. पटकन सांगा.

सुरमई: मेल्या, फोटो खंय आसा?

जुनी_बखर: आकार केवढा? कागद की कॅनव्हास? डॅनियलच असणार म्हणा. १७८६ ला कलकत्त्यात उतरले, पुढे १४४ चित्रांचा संच काढला.

तिसरा_बुरूज: काहीही! घेरिया पडला फेब्रुवारी १७५६ ला. थोरला डॅनियल तेव्हा सहा-सात वर्षांचा. आणि त्यांना ओढ देवळांची, घाटांची, पडक्या वास्तूंची. समुद्री लढाया रंगवणाऱ्या डॉमिनिक सेरेसने ही लढाई १७७१ मध्ये रंगवली, चित्र लंडनजवळ ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. म्हणजे पंधरा वर्षांनी, लंडनमध्ये. जिंकणाऱ्यांच्या भिंतीसाठी.

ओटीवरून: हेलियमचा शोध आमच्या किल्ल्यावर लागला, १८६८ चं ग्रहण! आधी ते लिहा पाटीवर.

तिसरा_बुरूज: त्या ग्रहणात हेलियमची खूण टिपणारा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता हो. विषय चित्राचा चाललाय.

सुरमई: फ्रेमला कसर लागली असेल तर कडुनिंबाचा पाला ठेवा. आमच्याकडे दोन पावसाळे टिकलं.

खाडीकाठ: फ्रेम नाहीच!! आजोबांच्या ट्रंकेतला कागद आहे, वहीएवढा. मागे मार्च महिना छापलाय.

तिसरा_बुरूज: मार्च महिना? अरे, मग कॅलेंडरचं पान आहे ते! हे आधी सांगायचं ना. भिंग लाव, रंगाचे ठिपके दिसतील. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या जुन्या छापाला कडेने दाबाची चौकोनी खूण असते. बरं, जमिनीवर पेशव्यांची फौज दिसते का?

खाडीकाठ: छे. नुसती इंग्रजांची जहाजं आणि आग.

तिसरा_बुरूज: मग तेच लिही पाटीवर. मोहीम इंग्रज आणि पेशवे दोघांची, जळलं ते तुळाजी आंग्र्यांचं आरमार. कागदावर मात्र एकटा इंग्रज आरमारप्रमुख वॉटसन.

जुनी_बखर: चित्रकार जेम्स वेल्सचं नसेल कशावरून? तो तर १७९१ ला मुंबईत आला होता.

तिसरा_बुरूज: आला होता, पण सवाई माधवरावांना रंगवायला पुण्यात गेला. आपल्याकडची लढाई तोवर पस्तीसेक वर्षं जुनी झाली होती.

ओटीवरून: पण ग्रहण बघायला बांधले म्हणतात ते कट्टे किल्ल्यावर आहेतच ना?

खाडीकाठ: अहो, पाटीवाल्याचा तिसरा फोन आला. 'सेरेस'च लिहू ना? आणि 'चित्रावरून छापलेलं कॅलेंडर' हे लिहायलाच हवं का?