मदत हवी आहे: आठवड्याला ३० तास एबीए (वागणूक शिकवण्याची थेरपी) की आहे तेवढेच ठेवू?

मुलगा ४ वर्षांचा, ऑटिझम, शब्द १०-१२, ऐकू येतं का ते तपासलंय, नॉर्मल. सिंहगड रोडला राहतो. सध्या आठवड्याला १० तास एबीए, २ स्पीच थेरपी, २ ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि सकाळी बालवाडी. आता सेंटरवाले म्हणतात ३० तास करा नाहीतर वेळ निघून जाईल, आणि हे ऐकल्यापासून झोप उडालीये.

वाचलं तेव्हा कळलं की जास्त तासांसाठी सांगतात तो आठवड्याला ४० तासांचा आकडा मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या १९८७ च्या अभ्यासातला, त्यात तेवढे तास मिळालेली मुलं १९च. आणि २०२४ मध्ये जामा पीडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात १४४ अभ्यास एकत्र तपासले तर तास वाढवले की फायदा वाढतो असा भक्कम पुरावा मिळाला नाही. सेंटरला दाखवलं, उत्तर एवढंच, "प्रत्येक मूल वेगळं असतं". डॉक्टर म्हणाल्या एबीए १५ तास करून ३ महिने बघा.

बालवाडी सोडायची नाहीये, तिथे तो आता मुलांच्या मागे पळतो, हे आमच्यासाठी फार मोठं आहे. निरामया या सरकारी आरोग्य विम्याची एकूण मर्यादाच वर्षाला १ लाख रुपये, त्यातला थेरपीचा वाटा आठवड्याच्या ३० तासांना पुरणार नाही.

ज्यांनी तास वाढवले किंवा कमी केले त्यांना विचारतेय, ह्या ३ महिन्यांत घरी नेमकं काय लिहून ठेवायचं, म्हणजे उपयोग होतोय की नाही ते कळेल?